कृष्णाकाठच्या पायऱ्या

स्नानाच्या वेळी तांब्यातील पाण्यात ज्या सात नद्यांना आपण पाचारण करतो, त्यांत कृष्णेचे नाव नाही. उत्तरेची गंगा येते, दक्षिणेची कावेरी येते, वाळवंटात लुप्त झालेली सरस्वतीसुद्धा येते. परंतु सातारा-सांगलीकडील मनुष्याच्या तांब्यात प्रत्यक्ष ज्या नदीचे पाणी असते, तिचीच तेवढी आठवण त्या श्लोकात नाही. शाळेत संस्कृत शिकवीत असताना एका चुणचुणीत मुलाने आम्हांस याचे कारण विचारले होते. "अरे, जी घरातच आहे, तिला आमंत्रण कशाला?" असे उत्तर आम्ही दिले व ते वर्गाला पटलेही. परंतु घरातल्या माणसाची जशी आपण विचारपूस करीत नाही, तशीच या नदीची आपण करीत नाही, ही रुखरुख त्या दिवसापासून आमच्या मनात राहून गेली होती.

मासिकांतून समुद्रकाठच्या सहलींची वर्णने नेहमी वाचावयास मिळतात. आमच्या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. कृष्णेचा काठ हाच आमचा किनारा. मौज अशी की, ही नदी समुद्राच्या अगदी जवळ जन्मली आहे. जुन्या महाबळेश्वरी तिचा जेथे उगम होतो, तेथून पश्चिम समुद्र अवघा ६४ किलोमीटर आहे. पण सासरी निघालेल्या मुलीने माहेरच्या अंगणाकडे मागे वळूनही पाहू नये, त्याप्रमाणे ही त्या समुद्राकडे पाठ फिरविते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून आंध्रदेशी पूर्वसागरास मिळते. या लांबलचक वाटेचा पहिला टप्पा आमच्या सातारा-सांगलीचा. वाईपासून हरिपूरपर्यंतचा हा काठ एका दिवसात, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, मोटारीने पाहावा, असा बेत गेल्या माघात आम्ही चौघा मित्रांनी केला.

मंडळी सारी साठी उलटलेली. एक वैद्यबुवा, एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, सांगलीचे एक वकीलसाहेब आणि आम्ही. पैकी वकीलसाहेबांना आणणे कठीण गेले. त्यांनी तीस वर्षांपूर्वी हौसेने नदीजवळ घर बांधले होते. ओटीवर बसून कृष्णा दिसावी, एवढाच त्यात हेतू. २०१९ च्या ऑगस्टात महापुराचे पाणी त्या घरात शिरले व कित्येक दिवस हलले नाही. कायद्याची पुस्तके गेली त्याचे त्यांना दुःख नव्हते. परंतु त्यांच्या वडिलांनी स्वहस्ते उतरून काढलेली गुरुचरित्राची पोथी पेटीत होती, तिचा लगदा झाला. तेव्हापासून हा गृहस्थ घाटावर गेला नाही. दर दत्तजयंतीस औदुंबरास जाण्याचा नेम होता, तोही सुटला. "मोटारीतून हिंडेन, पण पाण्याशी उतरण्याचा आग्रह करावयाचा नाही," या अटीवर ते आदल्या रात्री साताऱ्यास आले. आम्ही अट मान्य केली.

पहाटे पाचास निघून वाईस पोहोचलो, तेव्हा नुकते फटफटत होते. वाईचे सात घाट प्रसिद्ध आहेत: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड आळी. प्रत्येक घाटाचा कृष्णाबाईचा उत्सव निराळा, आणि ते उत्सव पाळीपाळीने होतात. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगतात. एका घाटावर मांडव पडला होता व आत देवी बसली होती. ती नुसती नदी नव्हे, तर लुगडे नेसलेली, दागिने ल्यालेली घरची थोरली बाई. आजूबाजूस बायकांची लगबग चालली होती. 'कृष्णानदी' असे वाईत कोणी म्हणत नाही, 'कृष्णाबाई' म्हणतात. ज्या गावाने नदीला नात्याने हाक मारली, त्या गावातच विद्याही रुजली, यात नवल नाही. प्राज्ञपाठशाळा येथलीच; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१-१९९४) यांची कर्मभूमी हीच आणि मराठी विश्वकोशाचे काम चालले तेही याच गावी.

गणपती आळीच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविले. मूर्ती एकाच दगडातील व भव्य. दर्शन घेऊन बहुतेक लोक परत फिरतात. इंजिनियर मात्र आम्हांस देवळाच्या पाठीमागे घेऊन गेले. तेथील भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे. पुराचा लोंढा येऊन आदळला म्हणजे तो त्या निमुळत्या अंगावर दुभंगतो व दोन्ही बाजूंनी निघून जातो.

"हे पाहा मास्तर," ते म्हणाले, "बांधणाराने पूर येणारच नाही असे धरलेले नाही. येईल, आणि दरवर्षी येईल, असे धरूनच बांधले आहे. पाण्याला अडविले नाही, वाट दिली."

वकीलसाहेब दूर उभे राहून ऐकत होते. ते काही बोलले नाहीत.

वाईहून थोड्याच अंतरावर मेणवली. हे नाना फडणिसांचे (१७४२-१८००) गाव. वाडा अजून उभा आहे आणि वाड्याच्या मागील अंगाने उतरले की चंद्रकोरीसारखा वळलेला घाट लागतो. एवढ्या मोठ्या मुत्सद्द्याने येथे किल्ला बांधला नाही, घाट बांधला, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे. ज्यांच्या दप्तरातील कागदांवर मराठ्यांच्या इतिहासाची कित्येक पाने उभी आहेत, त्यांनी काठावरील धोबिणीला व शेतकऱ्याच्या म्हशीलाही पाण्यापर्यंत जाण्याची सोय करून ठेविली. घाटावर मेणेश्वराचे देऊळ आहे व त्याच्याजवळ लहानशा घुमटीत एक प्रचंड घंटा टांगलेली आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. तिच्यावर बाळास घेतलेल्या मेरीची आकृती आहे व १७०७ हे साल आहे. समुद्रकाठच्या चर्चमध्ये वाजणारी घंटा सह्याद्री ओलांडून नदीकाठच्या महादेवापुढे येऊन राहिली. आपल्याकडे नदीला समुद्र भेटावयास आला तो असा! 'स्वदेस' या २००४ सालच्या चित्रपटाचे चित्रण याच परिसरात झाल्यापासून तरुण मंडळीही येथे येतात व छायाचित्रे घेतात. घेवोत बापडी, त्या निमित्ताने तरी त्या पायऱ्यांना पाय लागतात.

तेथे पायरीवर बसून दशमी-चटणी खाताना धरणांचा विषय निघाला. वाईच्या वरच्या अंगास धोमचे धरण आहे. त्यात साडेतेरा अब्ज घनफूट पाणी मावते. कोयनेचे धरण त्याच्या कितीतरी पट, सुमारे १०५ अब्ज घनफुटांचे. आम्ही विचारले, "एवढी धरणे झाल्यावर महापूर यावयास नको होते, नाही का?"

इंजिनियरांनी जन्मभर धरणांचीच चाकरी केलेली. तरी उत्तर सरळ दिले. "धरणाने लहान पूर नाहीसे केले. पूर्वी दर दोन-चार वर्षांनी पाणी वर येई, तेव्हा त्याची हद्द कोठवर आहे हे लोकांच्या ध्यानात राही. लहान पूर गेले, तशी आठवणही गेली आणि त्या हद्दीच्या आत घरे उठली. मग एखाद्या वर्षी धरणे भरलेली असताना पाऊस थांबेनासा होतो; पाणी सोडणे भाग पडते. त्यात सांगलीच्या खाली नदीला उतार कमी; पाणी लवकर हटत नाही. तेव्हा मोठा पूर येतो तो विसरलेल्या माणसांवर येतो."

मेणवलीहून परत साताऱ्यावरून संगम माहुलीस आलो. येथे वेण्णा कृष्णेला मिळते. न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. संगमावरचे विश्वेश्वराचे देऊळ, समोरच्या तीरावरील रामेश्वर आणि मधून वाहणारे पाणी, असा देखावा आहे. शाहू महाराजांच्या आवडत्या कुत्र्याची समाधीही येथे दाखवितात. त्याने महाराजांना वाघापासून वाचविले अशी कथा आहे. राजघराण्यातील माणसांच्या समाध्या काळाच्या ओघात वाळूत बुजल्या, त्यांची नावे विसरली गेली. कुत्र्याची मात्र लोकांनी लक्षात ठेविली. इमान लवकर विसरले जात नाही, एवढाच याचा अर्थ. वैद्यबुवांनी संध्यापात्र काढून अर्घ्य दिले. वकीलसाहेब वरच्या पायरीवर बसले होते. खाली आले नाहीत.

कऱ्हाडास दोन प्रहरी पोहोचलो. येथला प्रीतिसंगम ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी अवश्य पाहावा. संगम पुष्कळ आहेत. परंतु बहुधा एक नदी दुसरीला कडेने येऊन मिळते. कऱ्हाडास कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येतात, दोन बहिणींनी धावत येऊन एकमेकींस मिठी मारावी तशा, आणि मग दोघी मिळून एकदम काटकोनात वळून पूर्वेस निघतात. दोघी महाबळेश्वरच्याच डोंगरातल्या. लहानपणी ताटातूट झालेल्या. त्यांतही कोयनेची कहाणी निराळी. तिचे पुष्कळसे पाणी विजेसाठी डोंगराच्या पोटातून पश्चिमेस पोफळीकडे नेले आहे. ते वाशिष्ठीतून अरबी समुद्रास मिळते. म्हणजे थोरलीने ज्या समुद्राकडे पाठ फिरविली, त्याच्याकडे धाकटीला मनुष्याने वळवून नेले! उरलेली कोयना कऱ्हाडास बहिणीला भेटते. संगमावर यशवंतराव चव्हाणांची (१९१३-१९८४) समाधी आहे. देशाचे संरक्षणमंत्री व उपपंतप्रधान झालेल्या या गृहस्थाने आपल्या आत्मचरित्राला नाव दिले 'कृष्णाकाठ'. दिल्लीत इतकी वर्षे काढूनही माणूस आपला पत्ता काय सांगतो, ते यावरून दिसते.

तेथून आष्ट्याच्या वाटेने औदुंबर. आता आम्ही सांगली जिल्ह्यात होतो. मोटार जसजशी जवळ जाऊ लागली, तसतसे वकीलसाहेब गप्प होऊ लागले. औदुंबर लहानसे, शांत क्षेत्र. नृसिंहसरस्वतींनी येथे एक चातुर्मास वास केला. त्यांच्या 'विमल पादुका' येथे आहेत. पैलतीरी, भिलवडीच्या बाजूस, भुवनेश्वरीचे देऊळ. करवीरच्या एका मंदबुद्धी मुलाची गुरुचरित्रातील कथा येथलीच. लोकांच्या निंदेने कंटाळून त्याने देवीपुढे जिव्हा अर्पण केली; देवीने त्याला नदी ओलांडून पैलतीरी गुरूकडे जावयास सांगितले आणि तेथे त्याला विद्या प्राप्त झाली. जन्मभर मास्तरकी केल्यामुळे ही कथा आम्हांस फार जवळची वाटते. आपल्या विद्यार्थ्याला आपल्याच्याने शिकविणे होत नसेल, तर त्याला दुसऱ्या तीरावर पाठविण्याचा मोठेपणा देवीने दाखविला. आम्हां शिक्षकांपैकी कितीजणांना तो साधतो? कवी सुधांशू याच गावचे. त्यांच्या व मित्रांच्या सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन येथे मकरसंक्रांतीस भरत आले आहे. एवढ्याशा खेड्यात नदीकाठी झाडाखाली साहित्यिक जमतात, ही गोष्ट अभिमानास्पद आहे.

देवळाजवळच्या एका वृद्ध सेवेकऱ्याला आम्ही पुराविषयी विचारले. तो म्हणाला, "पाणी येते हो दरसालच. पायरी-पायरीने वर येते, तसे आम्ही देव पायरी-पायरीने वर नेतो. उतरले की गाळ काढायचा, धुवायचे, आणि देव पुन्हा खाली. २०१९ ला काही पायरी उरलीच नव्हती. पण उतरले की केलेच."

"राग नाही येत?" वकीलसाहेबांनी विचारले. सबंध दिवसात नदीविषयी त्यांनी काढलेला हा पहिला शब्द.

"कोणाचा? बाईचा?" म्हातारा हसला. "ती तिच्या जागेतच येते."

जेवणाची व्यवस्था एका घरी केली होती. भाकरी, दही, आणि कृष्णाकाठच्या वांग्यांचे भरीत. या वांग्यांची गोडी दुसरीकडे नाही, हे सर्वश्रुत आहे. ती गोडी गाळाची. पुराचे पाणी उतरताना काठच्या जमिनीवर जो थर ठेवून जाते, त्या जमिनीस इकडे 'मळी' म्हणतात. वाढणाऱ्या बाईंनी सहज सांगितले, "आमच्या मळीतलीच आहेत." वकीलसाहेबांचा घास हातात राहिला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आमचे घर आहे ना, त्या जागेलाही वडील मळीच म्हणत. लहानपणी तेथून वांगी येत असत आमच्याकडे." एवढे बोलून त्यांनी भरीत पुन्हा मागून घेतले.

औदुंबर ते सांगली हा रस्ता त्या महापुराच्या मुलखातूनच जातो. याच तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून माणसे आणणारी नाव उलटली व अनेकजण बुडाले. मरण आले ते सुटकेच्या वाटेवर. त्या गावाचे नाव निघाल्यावर मोटारीत कोणी बोलले नाही; वैद्यबुवांनी हात जोडले, तसे आम्हीही जोडले.

सांगलीस आयर्विन पुलावर क्षणभर उतरलो. १९२९ सालचा हा पूल. पावसाळ्यात सारे शहर याच्यावरील फुटांच्या आकड्यांकडे डोळे लावून बसते: ४० फुटांवर इशारा, ४५ वर धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. ज्या शहरात विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणून मराठी नाटकाचा पाया घातला, त्या शहराच्या बाजारपेठेतून त्या वेळी नावा चालत होत्या. माघात पुलावरून वाकून पाहिले तर खाली एवढेसे पाणी. हे तेच, यावर विश्वास बसू नये.

शेवटी हरिपूर. येथे वारणा कृष्णेस मिळते व काठावर संगमेश्वराचे देऊळ आहे. 'शारदा' नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल या गावचे. हरिपूरची दुसरी कीर्ती हळदीच्या पेवांची. जमिनीत खोल पेव खणून त्यात हळद भरावयाची व तोंड बंद करावयाचे. येथल्या मातीचा गुणच असा की वर्षानुवर्षे हळदीला कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले, पुष्कळशी निकामी झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ती पद्धत बहुतेक मोडली. जी नदी माती देते, तीच ती परतही नेते.

सूर्य वारणेच्या अंगास कलला होता. आम्ही तिघे पाण्याशी जावयास निघालो. वकीलसाहेबांना कोणी हाक मारली नाही, अट होती. परंतु पाण्याशी पोहोचून मागे पाहतो तो ते एक एक पायरी मोजीत खाली येत होते. शेवटच्या पायरीवर त्यांनी वहाणा काढल्या, पाण्यात पाय सोडले आणि ओंजळ भरून डोळ्यांना लावली. बराच वेळ गेल्यावर त्यांच्या नेहमीच्या कोर्टातल्या आवाजात ते म्हणाले, "मास्तर, आमचा दावा टिकत नाही. प्रतिवादीच चुकीचा लावला होता. अतिक्रमण आमच्या बाजूचे निघाले."

वैद्यबुवा म्हणाले, "आणि पोथी?"

"पोथीचे दुःख आहे ते आहेच. ते काही दाव्यात मिटावयाचे नाही."

आम्हांस हे उत्तर फार मोलाचे वाटले. नदीला माता म्हणावे आणि तिने केलेली हानी नाकारावी, ही भाबडी भक्ती झाली; हानी झाली म्हणून नाते तोडावे, हा राग झाला. नाते व दुःख या दोहोंना जागा देणे, हे वयानेच येते.

मराठीत 'पायरी सोडणे' असा वाक्प्रचार आहे. पुराच्या बातम्या वाचताना नदीने पायरी सोडली, असे आपणांस वाटते. परंतु या एका दिवसात आम्ही वाईपासून हरिपूरपर्यंत जे घाट पाहिले, त्यांवरून उलटेच ध्यानात येते. रास्त्यांनी, नाना फडणिसांनी आणि नावे न उरलेल्या कित्येकांनी नदीकाठी भिंती घातल्या नाहीत, पायऱ्या घातल्या. पायरी याचा अर्थ असा की, आज पाणी येथे आहे, उद्या वर येईल, परवा खाली जाईल; प्रत्येक वेळी आम्हांस तुझ्यापर्यंत येता यावे व तुलाही आमच्यापर्यंत येण्यास वाट असावी. हा दोन पक्षांतला करार होता. नदीने तो अजून मोडलेला नाही. तिच्या मळीत भूखंड पाडून पायरी सोडली ती आपण.

तेव्हा वाचकहो, येत्या सुटीत मुलांना-नातवंडांना दूरच्या समुद्रावर अवश्य न्यावे. पण त्याआधी आपल्या गावच्या घाटावर एकदा न्यावे आणि पायऱ्या मोजावयास सांगाव्यात. कोणत्या साली पाणी कितव्या पायरीवर आले होते, हे घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना तेथेच उभे राहून सांगावे. पुस्तकात न सापडणारी ही विद्या आहे, आणि ती विसरल्याचा दंड फार मोठा पडतो.

वकीलसाहेबांचे पत्र परवाच आले. येत्या दत्तजयंतीस औदुंबरास जाण्याचा बेत आहे. चौघांनी मिळून जावे, असे त्यांनी लिहिले आहे. वडिलांच्या पोथीच्या जागी ते स्वतः नवी उतरून काढीत आहेत. सतरा अध्याय झाले आहेत. पेटी मात्र या खेपेस त्यांनी माडीवर ठेविली आहे.